बुधामावशीची पैज

बुधामावशीने पहिल्याच भेटीत मला विचारलं, "तुला पोरं किती गं?"

"अजून लग्न व्हायचंय माझं," मी म्हटलं.

तिने कानावरची विडी काढली, पेटवली, डोळे बारीक करून एक झुरका घेतला आणि शेजारच्या बाईला म्हणाली, "आन् ही आमाला बाळतपन शिकवनार!"

सगळ्याजणी खो खो हसल्या. बुधामावशीही हसत होती, पण तिचं हसणं मध्येच खोकल्यात शिरलं, खोकला धापेत शिरला, आणि मग ती दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, तोंड उघडं टाकून बसून राहिली. छातीतून बारीक शिटी वाजत होती. मी पाणी घेऊन धावले. तिने एका हाताने मला थांबवलं. दुसऱ्या हातातली विडी मात्र तिने विझू दिली नाही.

ही साठ सालानंतरची गोष्ट. पुण्यात नर्सिंगचा कोर्स संपवून मी आंदर मावळातल्या एका लहानशा सरकारी दवाखान्यात रुजू झाले होते. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, एक पडवी आणि आठवड्यातून एकदा येणारे डॉक्टर. बाकी सहा दिवस मीच. आसपासच्या वाड्यांतल्या सुईणींना महिनाभर बोलावून स्वच्छतेचे धडे द्यायचे आणि शेवटी प्रत्येकीला पत्र्याची एक पेटी द्यायची, असं काम माझ्या वाट्याला आलं होतं. पेटीत साबण, नखं घासायचा ब्रश, नाळ कापायचं पातं, दोरा, एक वाटी आणि धुतलेली फडकी. अकरा सुईणी आल्या. बुधामावशी त्यांतली सगळ्यात वरच्या वाडीची. पाथरवाडी. दवाखान्यापासून दोन तासांचा चढ.

तिची उंची माझ्या खांद्याइतकी. अंग काटकुळं, कासोटा घट्ट मारलेला, कपाळावर हिरवं गोंदण. वय विचारलं तर "मोप असंल" म्हणायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरी मुलगा आणि सून होती. त्या दोघांना तिचा धाक होता, आणि तिला कुणाचाच नव्हता. आपट्याची पानं सुकवून ती स्वतः विड्या वळायची. वळताना बघायची सुद्धा नाही. तोंडाने गप्पा आणि बोटांत विडी तयार. एक कानावर, एक तोंडात आणि उरलेल्या कमरेच्या चंचीत.

धड्यांमध्ये तिने मला जेरीला आणलं. मी सांगितलं, हात साबणाने धुवायचे. ती म्हणाली, "राखनं धुतो की." मी म्हटलं, राख चांगली, पण साबण जास्त चांगला. "का?" मी जंतूंचं सांगितलं. "दिसत्यात का त्ये?" नाही दिसत. "मंग तुला कुनी सांगितलं?" मी पुस्तक पुढे केलं. तिने पुस्तक उलटंसुलटं केलं, वास घेतला आणि परत दिलं. दुसऱ्या दिवशी बघते तर पडवीत बसून ही कोपरापर्यंत साबण चोळत होती. माझं लक्ष गेल्यावर म्हणाली, "तुजं खरं असंल तर पोरं वाचतील, खोटं असंल तर हात सोच्च व्हतील. जातंय काय आपलं?"

तेव्हापासून मी तिला मानायला लागले. ती मला मानायला लागली की नाही, ते कळायला वेळ लागला.

दम्याला ती दमा म्हणत नसे. "मांजार" म्हणे. छातीत एक मांजर बसलंय, ते कधी निजतं, कधी गुरगुरतं, कधी नख्या काढतं. "आज मांजार निजलंय," म्हणजे बाई तरातरा चढणार. "मांजार जागं हाय," म्हणजे वीस-वीस पावलांवर बसणार. पण मांजराचा आणि विडीचा काही संबंध असेल, हे तिला बिलकूल मान्य नव्हतं.

"मावशी, ही विडी सोडा. विडीनेच होतंय हे," मी आठवड्यातून चारदा तरी म्हणायची.

"सकाळची इडी वढली की कफ सुटतोय. न्हाई वढली तर आतच बसतोय. मंग तूच सांग, औशिद कुटलं आन् रोग कुटला?"

याला उत्तर होतं, पण तिच्यापुढे ते टिकत नव्हतं. त्यात एकदा कामशेतच्या बाजारात तिला एक वैदू भेटला. त्याने सांगितलं, धोतऱ्याची पानं सुकवून त्यांची विडी ओढ, दमा पळून जाईल. आता यात अगदीच खोटं नव्हतं. धोतऱ्याच्या धुराने छाती सैल पडते, हे आमच्या पुस्तकातही होतं. पण किती ओढायची हे वैदूने सांगितलं नाही, किंवा सांगितलं असेल तर हिने ऐकलं नाही. लागोपाठ चार ओढल्या. भर दुपारी तिची सून धापा टाकत खाली आली. "बाय, लवकर चला, आमची म्हातारी मेढीसंगं भांडती!"

मी वर जाऊन पाहिलं. बुधामावशी घराच्या मधल्या खांबासमोर कमरेवर हात ठेवून उभी होती. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्ठ्या, तोंड कोरडं ठाक. त्या खांबाला ती आपली सासू समजत होती, आणि चाळीस वर्षांपूर्वी दिलेल्या शिळ्या भाकरीचा जाब विचारत होती. अख्खी वाडी दारात जमून ऐकत होती. मी तिला निजवलं, पाणी पाजलं, संध्याकाळपर्यंत तिच्याजवळ बसले. नशा उतरल्यावर तिने मला विचारलं, "म्या काय काय बोलली?" मी सांगितलं. ती म्हणाली, "दम बसला गं पर. डोस्कं ग्येलं ह्ये खरं, पर दम बसला. आन् म्हातारीला येकदा बोलायचंच व्हतं."

असं सगळं हसण्यावारी चाललं होतं. ते मार्गशीर्षातल्या एका दिवसापर्यंत.

भाताची झोडणी चालू होती. खळ्याखळ्यांवर भूस उडत होतं. मी देवीच्या लसी टोचायला पाथरवाडीला गेले होते. पोरांची रांग लावून सुई स्पिरिटने पुसतेय, तोच बुधामावशीला निरोप आला की सगुणाला कळा लागल्या. सगुणा म्हणजे तिच्या शेजारच्या घरातली पहिलटकरीण. मावशी म्हणाली, "चल, तूबी चल. बग तरी."

तिचं काम बघण्यासारखं होतं. खोलीत पाऊल टाकायच्या आधी विडी बाहेर दगडाखाली ठेवली, कोपरापर्यंत हात धुतले. मग एकदा पोटावर तळवा ठेवला आणि डोळे मिटले. सगुणा ओरडत होती, तिची आई रडत होती, आणि मावशी सगुणाशी शेतातल्या गोष्टी बोलत होती. तुमची ती काळी गाय दूध किती देते, वरच्या खाचरात यंदा किती भात झालं. दोन तासांत मूल आलं. मुलगी.

पण ती रडेना. निळसर, लोळागोळा. मावशीने बोटाने तोंडातला चिकटा काढला, पाठ चोळली, तळपायावर टिचकी मारली. काही नाही. मग तिने ओठ मुलीच्या तोंडावर टेकवले, फुंकर घालायला. त्या तिच्या फुंकरीची ख्याती होती. तशी वाचलेली पोरं वाडीत नांगर धरत होती.

फुंकर निघालीच नाही. तिने पुन्हा छाती भरून घ्यायचा प्रयत्न केला, आणि खळ्यावरच्या भुसाने म्हणा की सकाळपासूनच्या विड्यांनी म्हणा, तिचा दम उसळला. घशातून नुसती शिटी. तिने माझ्याकडे पाहिलं. तसे डोळे मी तिचे आधी कधी पाहिले नव्हते, नंतरही नाही. तिने मुलगी माझ्या हातात कोंबली आणि एकच शब्द बोलली, "फुक!"

मी कोर्समध्ये हे रबरी बाहुलीवर केलं होतं. गालातली हवा, हळूच, थोडी थोडी. एक, दोन, तीन. कितीदा फुंकलं ते आठवत नाही. मग त्या एवढ्याशा छातीला हिसका बसला आणि मुलगी रडली. सगुणाची आई माझ्या पाया पडायला आली. मी मागे वळून बघितलं तर मावशी खोलीत नव्हती.

ती बाहेर भिंतीला टेकून बसली होती. हात गुडघ्यांवर, मान खाली. मी शेजारी बसले. बऱ्याच वेळाने तिला बोलता आलं.

"तू आज टोचायला आली नसतीस तर?"

मी तिची पाठ चोळायला लागले.

"चार पोरींची बाळतपनं हायेत म्होरं. तू रोज थोडीच येनार हायेस वर?" तिने नाक पुसलं. "त्यो लोनावळ्याचा डाक्टर म्हनत हुतीस, त्याच्याकडं कवा न्हेतीस?"

दगडाखालची विडी तशीच राहिली होती. तिने ती उचलली, पेटवली नाही, नुसती बोटांत फिरवत बसली.

लोणावळ्याचे डॉ. देवस्थळी छातीच्या दुखण्यांसाठी त्या भागात नावाजलेले होते. पुढच्या गुरुवारी आम्ही कान्हे स्टेशनपर्यंत चालत गेलो आणि लोणावळ्याची गाडी धरली. मावशी आगगाडीत पहिल्यांदाच बसत होती. खिडकीशी बसली आणि मळवली येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. मग म्हणाली, "हिलाबी दमाच हाय की. चढाला फुसफुसती."

दवाखाना बाजारपेठेत होता. खाली चिक्कीचं दुकान असल्यामुळे जिन्यात गुळाचा खमंग वास. डॉक्टर पन्नाशीचे, गोरेपान, पोट सुटलेले, बोलण्यात मिठ्ठास. टेबलावर राखदाणी, राखदाणीत अर्धी सिगारेट धुमसत होती. त्या काळी डॉक्टरांनी दवाखान्यात सिगारेट ओढणं कुणाला खटकत नसे. मलाही खटकलं नव्हतं.

त्यांनी मावशीची छाती पुढून-मागून बराच वेळ तपासली. मग म्हणाले, "विडी ओढतेस का गं?"

"व्हय."

"किती?"

"मोजत न्हाई. सपली की वळती."

"सोडायला लागेल. मी गोळ्या देतो. दम लागला की अर्धी घ्यायची. फारच झालं तर इंजेक्शन. पण गोळीने दम उतरेल आणि विडीने परत चढेल. काही उपयोग नाही मग."

मावशी ऐकत होती, पण तिची नजर राखदाणीवर होती. "त्ये काय हाय?" तिने विचारलं.

"ही? सिगारेट."

"हिचा धूर दुसरीकडं जातोय का?"

पलीकडे बाटल्या भरणारा कंपाउंडर एकदम पाठमोरा झाला. त्याचे खांदे हलत होते. डॉक्टर थोडे गोरेमोरे झाले, पण हसले. "मला दमा नाही ना बाई."

"मलाबी न्हवता," मावशी म्हणाली.

डॉक्टरांनी सिगारेट उचलली, तिच्याकडे पाहिलं आणि विझवली. मग खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "बरं. मग काय करायचं म्हणता?" गंमत म्हणजे 'गं' जाऊन 'म्हणता' कधी आलं, ते त्यांनाही कळलं नसावं.

"आपुन दोगंबी सोडू. पैज."

"लावा पैज. काय पणाला लावता?"

मावशीने विचार केला. तिच्याजवळ पणाला लावण्यासारखं एकच होतं. "म्या वढली तर माजी पेटी ह्या नर्सबायला देऊन टाकीन. पुन्यांदा बाळतपनाला हात लावनार न्हाई."

"मावशी!" मी म्हटलं. तिने माझ्याकडे लक्षच दिलं नाही.

डॉक्टर गंभीर झाले. "आणि मी ओढली तर?"

"तर तुमी आमच्या वाडीला यायाचं. चालत. गाडी न्हाई, डोली न्हाई. आन् आमच्या समद्यांच्या छात्या तपासायच्या."

डॉक्टरांनी हात पुढे केला. मावशीने तो हातात घेऊन आधी उलटा करून बोटं पाहिली. दोन बोटं पिवळी पडली होती. "माज्यापरीस जास्तीच हायेत," ती म्हणाली, आणि मग हात मिळवला.

पुढचे दिवस पाथरवाडीला फार जड गेले. पहिल्या आठवड्यात मावशी मुलाशी भांडली, सुनेशी भांडली, तलाठ्याशी भांडली आणि एका कोंबड्याच्या मागे काठी घेऊन वाडीभर धावली. वाडीतले दोन म्हातारे माझ्याकडे शिष्टमंडळ बनून आले. "बाय, तिला येक इडी वढू द्या, आन् आमाला जगू द्या." वर खोकला कमी व्हायच्या ऐवजी वाढला. छातीत साठलेलं सुटायला लागलं की सुरुवातीला तसं होतं, हे मी तिला सांगितलं. "म्हंजे वढली तरी खोकला, सोडली तरी खोकला," ती म्हणाली. "चांगलं धंद्याला लावलंस मला."

हातांचं काय करायचं, हा सगळ्यात मोठा प्रश्न. बोलता बोलता बोटं आपोआप पान वळायला लागायची. सगळी आपट्याची पानं तिने चुलीत घातली, तर बोटं पळसाचं पान वळायला लागली. शेवटी तिने कमरेच्या चंचीत भाजलेले चिंचोके भरले. हुक्की आली की एक चिंचोका. दिवसभर तोंडात कटकट आवाज. महिन्याभरात एक दाढ तुटली. ती तळहातावर घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "डाक्टरला ल्ही. म्हनावं, इडी सुटली, दात ग्येला. ह्ये पैजंत धरायचं का न्हाई?"

तिची पत्रं मीच लिहायची. ती सांगायची, मी पोस्टकार्डावर उतरवायची. "डाक्टरला रामराम. माजे चाळीस दिस झाले. तुमचं?" आठवड्याने उत्तर यायचं, "माझेही चाळीस. आमच्या सौभाग्यवतींना तुम्हाला एकदा बघायचंय." कार्ड वाचून दाखवलं की ती ते मागून घ्यायची आणि घरी नेऊन भिंतीच्या फटीत खोचायची.

बारशाला सुईणीला नारळ, खण आणि विड्यांचा कट्टा द्यायची त्या वाड्यांत रीत होती. मावशीने कट्टा परत करायला सुरुवात केली. लोकांना ते अपशकुनासारखं वाटलं. एका आजोबांनी तर तिच्या पायाशी कट्टा ठेवून हात जोडले. तिने तो उचलून त्यांच्याच हातात दिला. "आबा, कट्टा ठ्येवा. त्याच्या बदली पसाभर चिंचोके द्या. पर भाजून द्या, कच्चे नकोत."

एकदा मी वर गेले असताना ती चुलीपुढे बसली होती. मडक्यात भात रटरटत होता, आणि ती नुसतीच त्याच्याकडे बघत होती.

"काय झालं मावशी?"

"ये, हितं बस. वास घे." तिने मला ओढून जवळ बसवलं. आंबेमोहोराचा वास घरभर पसरला होता. मला त्यात काही नवल वाटलं नाही. ती म्हणाली, "ह्यो वास मला लगीन झालं तवा येत व्हता. मंदीच कवा बंद झाला, कळलंच न्हाई. मला वाटलं, तांदूळच बदाललं."

शिमगा झाला आणि चार दिवसांनी तिचा थोरला भाऊ गेला. खालच्या गावात राहत होता. त्यानेच तिला लहानपणी पहिली विडी दिली होती, असं ती सांगायची. मातीहून आल्यावर पुरुष पडवीत बसले, चिलीम फिरायला लागली. कुणीतरी तिच्यापुढे केली. तिने घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखाना उघडत होते तर ती समोरून येताना दिसली. डोक्यावर पत्र्याची पेटी. आत आली, पेटी टेबलावर ठेवली.

"घे."

सगळं सांगून झाल्यावर मी म्हटलं, "मावशी, भाऊ गेला होता तुमचा. एक-दोन झुरक्यांनी काय होतं? आणि डॉक्टरांना कुठे कळतंय? कुणी पाहिलं?"

"म्या पायलं," ती म्हणाली.

"अहो, पण वर दोघींचे दिवस भरत आलेत."

"त्यांला खाली आन. तुज्यापाशी ठिव. म्या हात लावनार न्हाई." तिचा आवाज एकदम बारीक झाला. "लय अवगाड वाटंल नर्सबाय. पर शबूद म्हंजे शबूद."

तिने पेटीवरून एकदा हात फिरवला आणि निघून गेली. जाताना मागे बघितलं नाही. मी त्याच दिवशी डॉक्टरांना सगळं सविस्तर लिहिलं. चूक माझी होती, मी ती पैज लावू द्यायलाच नको होती, असंही लिहिलं. ते चार दिवस मी फार काळजीत काढले. दोघी गरोदर बाया खाली यायला तयार नव्हत्या. "बुधाच्या हातनंच व्हईन, न्हाईतर व्हनार न्हाई," असा एकीने निरोप पाठवला, जणू ते तिच्या हातात होतं.

पाचव्या दिवशी पोस्टकार्ड आलं. डॉक्टरांचं अक्षर नेहमीपेक्षा लहान होतं. लिहिलं होतं: "बुधाबाईंना सांगा, मी संक्रांतीपासून रोज दोन सिगारेटी ओढतो आहे. तुम्हाला खोटं लिहीत होतो. त्यांनी एक झुरका लपवला नाही, आणि मी दोन महिने लपवले. पैज मी हरलो आहे. रविवारी येतो. चालत."

रविवारी ते खरंच आले. पायात कॅनव्हासचे बूट, डोक्यावर टोपी, मागे बॅग घेतलेला कंपाउंडर. बुधामावशी चढाच्या पायथ्याशी येऊन थांबली होती. मी पत्र तिला वाचून दाखवलं होतं. डॉक्टर समोर आल्यावर ती नुसती पुढे चालायला लागली.

तो चढ मी जन्मात विसरणार नाही. उन्हं तापली होती. डॉक्टर दर शंभर पावलांवर बसत होते. मावशी पुढे जाऊन थांबायची, ते आले की पुन्हा निघायची. तिचा श्वास थोडा वाजत होता, पण पाय अडखळत नव्हते. निम्म्या वाटेवर डॉक्टर एका दगडावर बसले ते उठेचनात. चेहरा लालबुंद, सदरा भिजलेला. मावशी परत खाली आली, त्यांच्याजवळ बसली आणि चंचीतून एक चिंचोका काढून त्यांच्या हातावर ठेवला.

"चघळा. निस्ता चघळा, चावू नका. दात जातोय."

डॉक्टर इतके हसले की त्यांना पुन्हा धाप लागली.

वाडीत जांभळीच्या झाडाखाली बाज टाकली होती. तिथे बसून त्यांनी दुपारपर्यंत एकेकाला तपासलं. नऊ जणांच्या छातीला विडीने पोखरलं होतं. तीन पोरांना बाळदमा होता, त्यांच्या आयांना त्यांनी समजावून सांगितलं की घरात धूर करू नका. सगळं आटोपल्यावर त्यांनी मला खुणावलं. मी पेटी बरोबर आणली होती. त्यांनी ती स्वतः उचलली आणि मावशीपुढे ठेवली.

"बुधाबाई, हिशोब सरळ आहे. मी संक्रांतीला हरलो. पैज तिथेच संपली. तुम्ही ओढलीत ती शिमग्यानंतर. तेव्हा पैजच नव्हती. मग पेटी कशी जाईल?"

मावशी त्यांच्याकडे बघत राहिली. हे कायद्यात बसतंय का, असा तिचा चेहरा. अख्खी वाडी श्वास रोखून उभी होती.

"म्हंजे म्या येवडी पेटी डोस्क्यावर घिऊन फुकाटच खाली ग्येली?"

"फुकटच."

लोक हसायला लागले. ती मात्र हसली नाही. तिने पेटी जवळ ओढली, झाकण उघडलं, आतला साबण आणि पातं जागच्या जागी आहे का ते बघितलं. मग म्हणाली, "पैजंचं तुमचं खरं. पर म्या पैजंसाठी न्हवती सोडली, डाक्टर. सगुनाच्या पोरीपायी सोडली व्हती. तवा वढली ह्ये चुकलंच माजं." आणि झाकण लावत पुढे म्हणाली, "आता दोगंबी परत सोडू. पर आता पैज नगं. निस्तं सोडू."

आठ दिवसांत वरच्या दोघी बाळंत झाल्या. दोन्ही तिच्याच हातून, दोन्ही दिवसाढवळ्या, दोन्ही मुलं रडत आलेली. निरोप घेऊन आलेल्या माणसाने सांगितलं, "म्हातारी म्हनली, नर्सबायला सांग, फुकायची येळच आली न्हाई."

दमा गेला असं मात्र नाही. दमा जात नाही. झोडणीच्या दिवसांत ती खळ्यापासून लांब बसायची, गोळी पदराच्या गाठीत बांधलेली असायची, कधीकधी लोणावळ्याला इंजेक्शनला जावं लागायचं. पण चढ ती चढत राहिली. विडीला पुन्हा शिवली नाही. डॉक्टरांची सिगारेट काही त्या वेळी सुटली नाही. तिसऱ्या खेपेला सुटली, असं त्यांनीच मला नंतर सांगितलं. पण दरवर्षी शिमग्यानंतरच्या एखाद्या रविवारी ते पाथरवाडीला चालत जायचे. आता सगळ्यांना सवयच झाली होती. लोक दुखणी त्यांच्यासाठी राखून ठेवायचे.

काही वर्षांनी माझी बदली देहूरोडला झाली. लग्न झालं, मुलं झाली. पहिल्या मुलाच्या वेळी मला तिची फार आठवण आली, पण आंदर मावळ तिथून लांब होता आणि माझी ड्युटी संपत नव्हती. कुणाकुणाकडून खुशाली कळायची, तेवढंच.

मग एकदा, सत्तर सालानंतरची गोष्ट, एका लग्नासाठी मी कामशेतला गेले होते. बाजाराचा दिवस होता. रस्त्यापलीकडे आंदर मावळात जाणारी एसटी सुटायच्या बेतात उभी होती, माणसं कोंबून भरलेली. खिडकीशी एक म्हातारी दिसली. आधी कपाळावरचं गोंदण ओळखलं, मग ती. केस पांढरे झाले होते, गाल आत गेले होते.

मी हाक मारणार, तेवढ्यात तिच्या पुढच्या बाकावरच्या माणसाने विडी पेटवली. चांगला तिशीचा, मिशीवाला गडी. मावशी उठली, हात लांब करून त्याच्या तोंडातली विडी काढली आणि खिडकीतून बाहेर फेकली. विडी रस्त्यावर माझ्यापासून दहा हातांवर पडली.

"ए म्हातारे!" तो गडी ताडकन उभा राहिला. "माजी इडी टाकनारी तू कोन?"

"माजं नाव काय इचारतुयास?" तिचा आवाज अजून तसाच खणखणीत होता. "घरी जा आन् तुज्या आयला इचार, तुला भायेर कुनी काडला. पायाळू आलतास भाड्या. दोन रोज माजा जीव टांगला व्हतास."

बसमध्ये हशा पिकला. तो गडी आधी लाल झाला, मग त्याने तिच्याकडे नीट बघितलं. मग गपकन खाली बसला आणि खिशातला उरलेला कट्टा मागे न बघताच खांद्यावरून तिच्याकडे दिला.

कंडक्टरने घंटी मारली. मी "मावशी!" म्हणून हाक मारली, पण इंजिनाच्या आवाजात तिला ऐकू गेली नाही. बस वळणावर गेली तेव्हा ती खिडकीतून हात बाहेर काढून त्या कट्ट्यातल्या विड्या एकेक करून तोडत होती, आणि तोडलेली तंबाखू वाऱ्यावर सोडून देत होती.